'कोर्ट'मधलं झुरळ आणि साहेबांचं डिक्टेशन

साक्षीदार कोर्टात जे बोलतो ते शब्दन् शब्द टाइप होतं, असं मला बरीच वर्षं वाटायचं. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'कोर्ट'ने (२०१४) तो समज घालवला.

लोकशाहीर नारायण कांबळेंचं गाणं ऐकून वासुदेव पवार या सफाई कामगाराने मॅनहोलमध्ये जीव दिला, असा पोलिसांचा दावा. आरोप आत्महत्येला प्रवृत्त केल्याचा, म्हणजे दंड संहितेचं कलम ३०६, शिक्षा दहा वर्षांपर्यंत. वासुदेवची बायको साक्षीला येते. नवरा गटारात आधी खडा टाकायचा, झुरळ बाहेर आलं तर आत ऑक्सिजन आहे असं धरून उतरायचा, हे ती भाजीचा भाव सांगावा तसं सांगते.

मी गॅस सेन्सरवर काम करते, म्हणून इथे पॉज केलं. कारण ही चाचणी फसवी आहे. झुरळ कमी ऑक्सिजनमध्येही बराच वेळ तग धरतं. नाकाचा तर भरवसाच नाही: हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्यांचा वास येतो खरा, पण हवेच्या दशलक्ष भागांत तो शंभरेक भाग झाला की नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. वास गेला म्हणजे धोका टळला असं वाटतं, आणि नेमका तेव्हाच तो वाढलेला असतो. वासुदेवकडे मीटर नव्हता, झुरळ होतं. खटल्यातला सगळ्यात मोठा पुरावा हाच, असं माझं मत.

आणि तो नोंदवला कसा जातो? न्यायाधीश ऐकतात, मग टायपिस्टला इंग्रजीत सांगतात. ही काही दिग्दर्शकाची कल्पना नव्हे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २७६ प्रमाणे सत्र न्यायालयात साक्ष न्यायाधीश स्वतः लिहू शकतात किंवा डिक्टेट करू शकतात, आणि तीही साधारणपणे सलग निवेदनाच्या रूपात. प्रश्न काय होता, साक्षीदार कुठे अडखळला, हे त्यात विरघळून जातं. आमच्या लॅबमध्ये कच्चा डेटा फेकून नुसता सारांश ठेवला तर गाइड हाकलून देतील!

मात्र कलम २७८ ही त्यावरची सोय आहे. साक्ष वाचून दाखवावी लागते, नोंद परक्या भाषेत असेल तर समजेल अशा भाषेत सांगावी लागते, आणि साक्षीदाराने हरकत घेतली तर दुरुस्ती किंवा निदान त्या हरकतीची नोंद करावी लागते. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आली, तरी हा हक्क कायम आहे. तेव्हा साक्षीला उभं राहायची वेळ आली तर 'मराठीत सांगा' म्हणायला लाजू नका.

माझी तक्रार एवढीच, की कॅमेरा या टप्प्यापाशी थांबत नाही. त्याऐवजी शेवटी सुट्टीवर गेलेले न्यायाधीश एका पोराला थोबाडीत मारतात, ते मला जरा ठळक वाटलं. वकील त्या बाईला गाडीतून घरी सोडतो आणि पैसे देऊ करतो, तो प्रसंग जास्त लागतो. ती पैसे घेत नाही. काही काम असेल तर सांगा, म्हणते.