स्नायूंतील ग्लुकोज-ग्रहण आणि ‘वाय-वाय’ विरोधाभास : एक चिकित्सा

मधुमेहाविषयीच्या भारतीय चर्चेत ‘द लॅन्सेट’मध्ये २००४ साली प्रसिद्ध झालेल्या एका छायाचित्राचा उल्लेख वारंवार येतो. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचा देहभार-निर्देशांक एकच, २२.३, शरीरातील मेद मात्र अनुक्रमे २१.२ व ९.१ टक्के. भारतीय देह वरून सडपातळ, आतून मेदयुक्त, ही कल्पना या ‘वाय-वाय’ विरोधाभासाने रूढ केली. ती चुकीची नाही, अपुरी आहे. युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचा व्यायाम लिफ्टचे दार बंद होण्यापूर्वी धावत गाठण्यापुरता, अशी मिस्कील नोंद लेखकद्वयानेच केली होती. पुनर्कथनात मेद उरला. ही नोंद बहुधा गळाली.

वस्तुतः इन्सुलिनच्या प्रभावाखाली रक्तातून उचलल्या जाणाऱ्या ग्लुकोजचा फार मोठा वाटा स्नायूच घेतात. ‘ग्लुट-४’ ही वाहक प्रथिने पेशीच्या पृष्ठभागावर आली की ग्लुकोजला वाट मिळते. इन्सुलिन त्यांना बाहेर आणते. स्नायूचे आकुंचनही, इन्सुलिनवाचून, तेच करते. त्यामुळे इन्सुलिनला दाद न देणारा स्नायूही चालताना ग्लुकोज घेतो, आणि व्यायामानंतर एक-दोन दिवस त्याची इन्सुलिन-संवेदनशीलता वाढलेली राहते.

वयाचा प्रश्न अधिक बिकट आहे. पीटरसन व सहकाऱ्यांनी २००३ मध्ये सडपातळ, निरोगी वृद्धांच्या स्नायूंत तंतुकणिकांची कार्यक्षमता सुमारे ४० टक्क्यांनी घटलेली व मेद साचलेला दाखविला. वय निर्दोष नाही, हे मान्यच करावे लागते. तथापि श्रीकुमारन नायर यांच्या गटाला २००८ मध्ये अमेरिकेतील भारतीय वंशाच्या व्यक्तींत तंतुकणिका अधिक सक्षम, तरीही इन्सुलिन-रोध तीव्र, असे आढळले. एकच कारण सर्वत्र लावता येत नाही.

कर्जत-खालापूर परिसरात ही अडचण विशेष जाणवते. माथेरानच्या पायवाटांनी डोक्यावर ओझे चढवणारा ठाकर, पावसाळ्यात लावणी व नंतर वीटभट्टीवर राबणारा कातकरी, आणि रोज दोन-दोन तास लोकलने मुंबई गाठून दिवसभर खुर्चीत बसणारा नोकरदार यांचा निर्देशांक एकच येऊ शकतो. तिघांच्या ताटात भातच प्रमुख. पहिल्या दोघांच्या स्नायूंना श्रम पुरेपूर मिळतात. डाळ, मासळी, अंडी मिळतीलच असे नाही, आणि उतारवयात प्रथिनांवाचून स्नायू झपाट्याने झिजतो. तिसऱ्याकडे अन्न आहे, आकुंचन नाही. ‘भात कमी करा, चालायला जा’ हा सल्ला तिसऱ्याला लागू पडतो. वृद्ध कातकऱ्याला तो ऐकविणे निव्वळ असंबद्ध आहे. त्याचा भात कमी करून त्याजागी काही दिले नाही, तर उरलेला स्नायूही जाईल.

मधुमेह-तपासणीत वजन-उंचीबरोबर पोटरीचा घेर आणि हाताच्या पकडीची ताकद नोंदविल्यास तिघांतील हा फरक निदान कागदावर तरी येईल. त्यासाठी एक टेप आणि हातात मावणारे एक यंत्र लागते.