८१ जागा, पण कोणत्या स्त्रियांच्या?

सिनॉप्सिसवर ‘महिलांचे राजकीय प्रतिनिधित्व’ असं शीर्षक टाकलं असेल, तर गाईडकडे जाण्याआधी स्वतःलाच एक प्रश्न विचारा: कोणत्या महिलांचं?

पुणे महानगरपालिकेचंच बघा. २०१७च्या निवडणुकीत १६२ जागा होत्या आणि ५० टक्के आरक्षणानुसार त्यांतल्या ८१ महिलांसाठी राखीव होत्या. बरेच अभ्यास इथेच समाधान मानतात. पण या ८१ मध्ये अनुसूचित जाती, जमाती, ओबीसी आणि सर्वसाधारण अशा वेगवेगळ्या जागा आहेत. सगळ्या एकाच रकान्यात भरल्या की अभ्यासायचा फरकच पुसला जातो.

यासाठी शर्मिला रेगे यांचा १९९८चा लेख वाचायला हवा. पुणे विद्यापीठात शिकवणाऱ्या रेगेंनी तो गोपाळ गुरू यांच्या १९९५च्या लेखाला उत्तर म्हणून लिहिला. दोन्ही लेख ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’मधले. गुरूंचं म्हणणं असं, की दलित स्त्रियांना बाहेरून सवर्णांचं आणि घरातून पुरुषांचं वर्चस्व सोसावं लागतं, म्हणून त्या वेगळं बोलतात. रेगे हे नाकारत नाहीत, पण सावध करतात. ‘त्या वेगळ्या आहेत’ एवढ्यावर थांबलं, तर बाकीच्या स्त्रीवाद्यांची जबाबदारीच संपते. दलित स्त्रीवादी भूमिका जन्माने आपोआप मिळत नाही. ती संघर्षातून घडते आणि इतरांनाही ती शिकावी लागते.

लेखाची ताकद ही. मर्यादाही सांगायला हवी: रेगेंच्या डोळ्यांसमोर चळवळी आहेत, सभागृह नाही. २०१७मध्ये पुण्यातले बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते. म्हणजे अनुसूचित जातीच्या महिला जागेवरची उमेदवारही अख्ख्या प्रभागाच्या मतांवर, बहुधा पक्षाच्या पॅनेलमधूनच निवडून येणार. पुढच्या वेळी आरक्षण बदललं, तर ती जागाही हातची जाणार. मग तिने वेगळं बोलायचं ते कोणाच्या बळावर? हा प्रश्न लेखात नाही. तो तुमच्या प्रबंधात यायला हवा.

तो घेताना दोन चुका टाळा. जागेचा प्रवर्ग म्हणजे निवडून आलेल्या व्यक्तीची जात नव्हे. सर्वसाधारण महिला जागेवर ओबीसी किंवा दलित स्त्रीही लढू शकते. मुस्लिम स्त्रियांसाठी तर वेगळा रकानाच नाही, आणि आडनावावरून जात-धर्म ताडणं ही काही संशोधनपद्धती नव्हे. त्यापेक्षा मुलाखती घ्या, मुख्य सभेची इतिवृत्तं वाचा. पाणी, स्वच्छतागृहं, वस्त्यांचं पुनर्वसन हे प्रश्न कोणी मांडले ते नोंदवा.

हा नुसता पद्धतीचा काथ्याकूट नाही. २०२३च्या १०६व्या घटनादुरुस्तीने लोकसभा-विधानसभांत महिलांना एक तृतीयांश जागा ठरवल्या. त्यात अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांचा वाटा आहे, ओबीसी स्त्रियांचा वेगळा नाही. त्यावर वाद चालूच राहणार. आपण ‘महिला’ हा एकच आकडा मोजत बसलो, तर त्या वादात आपल्याकडे सांगण्यासारखं काय असेल?