चक्रवातानंतरचें घर

संकटाचें वर्णन करणारें वाङ्मय जगांत विपुल आहे. संकट ओसरल्यानंतरच्या दिवसांचें वाङ्मय त्या मानानें फारच थोडें. याचें कारण शोधावयास दूर जावयास नको. वादळ येतें, गर्जतें आणि निघून जातें. आरंभ, मध्य व शेवट अशी नाट्याची सर्व सिद्धता तें स्वतःच करून आणतें, आणि लेखकास केवळ लेखणी चालविण्याचे श्रम उरतात. पुढच्या दिवसांना असा घाट नसतो. त्यांत विमा कंपनीशीं पत्रव्यवहार असतो, अर्ज असतात, कर्जाचे हप्ते असतात, आणि शेजारी गांव सोडून चालला ही बातमी असते. हें सारें कंटाळवाणें खरें. पण उद्ध्वस्त झालेलें गांव जगतें कीं मरतें याचा निकाल या कंटाळवाण्या दिवसांतच लागतो. म्हणून आपत्तीवरील कोणत्याही कलाकृतीस आम्ही एक साधा प्रश्न विचारूं इच्छितों: नवें घर कोणाच्या पैशानें बांधलें? अमेरिकेतील कॅन्सस राज्याच्या चक्रवातांविषयीं ज्या कांहीं कलाकृती प्रसिद्ध आहेत, त्यांतील चार-पांच समोर ठेवून हा प्रश्न विचारून पाहावा, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु.

प्रथम शब्दाविषयीं थोडें. ज्यास टॉर्नेडो म्हणतात त्यास मराठींत चपखल शब्द नाहीं. 'वावटळ' म्हटली कीं उन्हाळ्यांत अंगणांतला पाचोळा गरगरवीत नेणारी निरुपद्रवी भोवरी डोळ्यांपुढें येते. 'चक्रीवादळ' म्हटलें कीं समुद्रावरून येणारें, शेंकडों मैल पसरणारें व दिवसचे दिवस रेंगाळणारें वादळ. टॉर्नेडो या दोहोंहून निराळा. गर्जणाऱ्या ढगांतून सोंडेसारखा खालीं उतरून जमिनीला टेकणारा तो वायूचा स्तंभ बहुधा कांहीं मिनिटांतच विरतो आणि त्याचा पट्टाही बहुधा अरुंद असतो. पण प्रबळ असला तर तेवढ्या पट्ट्यांत तो उभें असें कांहीं राहूं देत नाहीं. मौज अशी कीं, खुद्द कॅन्ससचे जुने शेतकरीही त्यास 'सायक्लोन'च म्हणत, आणि त्याच्या भयानें जें तळघर खणीत त्यास सायक्लोनचें तळघर. आम्ही येथें 'चक्रवात' हा शब्द योजीत आहों. त्याहून बरा कोणी सुचविल्यास आनंदच आहे.

लायमन फ्रँक बॉम याचें 'द वंडरफुल विझर्ड ऑफ ऑझ' हें पुस्तक १९०० सालीं निघालें. चक्रवात म्हटला कीं जगांतील अर्ध्याअधिक वाचकांना प्रथम आठवतें तें हेंच. डोरोथी नांवाची अनाथ मुलगी, तिचे हेन्रीकाका व एमकाकू, एका खोलीचें लांकडी घर आणि सभोंवार क्षितिजापर्यंत पसरलेलें करडें माळरान. वादळ येतें, काका गुरांकडे धांवतात, काकू तळघरांत उतरते, पण टोटो नांवाचा कुत्रा पलंगाखालीं दडून बसल्यामुळें डोरोथीला उशीर होतो, आणि घर तिच्यासह आकाशांत उचललें जातें. तेथून पुढें अद्भुताचा प्रदेश लागतो. तो सर्वांच्या परिचयाचा आहे व त्याची थोरवी सांगण्यास आमची गरज नाहीं. आमचें लक्ष आहे तें दोन लहान जागांकडे.

पहिली जागा पुस्तकाच्या अखेरीजवळ आहे. घरीं कां जावयाचें असें विचारलें असतां डोरोथी जें कारण देते त्यांत प्रेम आहेच, पण त्याबरोबर हिशेबही आहे. आपण मेलों असें समजून काकू शोकवस्त्रें घेईल, आणि यंदाचें पीक गतवर्षाहून बरें आलें नाहीं तर काकांना तीं परवडावयाचीं नाहींत! मुलांच्या गोष्टींत शोकाची किंमत काढणारा लेखक आम्हांस तरी दुसरा ठाऊक नाहीं. दुसरी जागा अगदीं शेवटची. डोरोथी परत येते तेव्हां तिच्यापुढें नवें घर उभें असतें. जुनें उडून गेल्यावर काकांनीं तें बांधलेलें असतें. काकू कोबीला पाणी घालावयास बाहेर येते, आणि पुस्तक संपतें. साऱ्या उत्तरकथेस बॉमनें येथें एक वाक्य दिलें आहे. वाचक आनंदाच्या भरांत तें ओलांडून जातो, आणि त्यानें तसेंच जावें अशीच लेखकाची इच्छा असावी.

परंतु हा विषय बॉमच्या मनांतून गेला नव्हता. दहा वर्षांनीं, १९१० सालीं, या मालेंतील सहावें पुस्तक 'द एमराल्ड सिटी ऑफ ऑझ' निघालें, आणि त्याच्या आरंभींच या एका वाक्याची उधारी वसूल होते. तें नवें घर कर्जाचें होतें! घर उडाल्यावर हेन्रीकाकांना शेत गहाण टाकून पैसे काढावे लागले. त्यांत प्रकृति बिघडली, डॉक्टरच्या सांगण्यावरून समुद्रप्रवास करावा लागला, त्यांत आणखी खर्च झाला. आणि आतां पेढीवाला शेत ताब्यांत घेण्यास निघाला आहे. म्हातारपणीं पुन्हां दुसऱ्याच्या दारीं मजुरीस जावें लागणार म्हणून दोघें चिंतेंत आहेत. जादूच्या पादत्राणांच्या गोष्टींत गहाणखताचा हा कागद पाहून कोणास तो रसभंग वाटेल. आम्हांस तें साऱ्या मालेंतील सर्वांत प्रामाणिक प्रकरण वाटतें. चक्रवात कांहीं मिनिटांचा, पण त्याचें देणें दहा वर्षांनींही फिटलेलें नाहीं, ही गोष्ट अर्थशास्त्राच्या पुस्तकांत शोभावी. बॉमनें ती परीकथेंत सांगितली.

हें त्याला सुचलें याचें नवल नाहीं. कॅन्ससशीं त्याचा परिचय बेताचा होता. त्याच्या माळरानांत खरा रंग आहे तो डाकोटाचा. १८८८ सालीं तो अ‍ॅबरडीन गांवीं जाऊन राहिला. तेथें त्यानें काढलेलें दुकान बुडालें, चालविलेलें वर्तमानपत्र बुडालें, आणि अवर्षणानें गांजलेले शेतकरी उधारी कशी मागतात हें त्यानें गल्ल्यावर बसून पाहिलें. पुढें ऑझच्या कथा रंगभूमीवर व पडद्यावर दाखविण्याच्या भरांत तो स्वतःच कर्जांत बुडाला आणि १९११ सालीं त्याचें दिवाळें वाजलें. म्हणजे हेन्रीकाकांच्या गहाणखताचें प्रकरण लिहितांना सावकाराचा तगादा लेखकाच्या स्वतःच्या उंबऱ्याशीं होता.

आतां १९३९ सालचा मेट्रो-गोल्डविन-मेयरचा चित्रपट पाहा. त्यांतील चक्रवात आजही अंगावर कांटा आणतो. पस्तीस फूट लांबीची मलमलीची पिशवी फिरवून तो तयार केला होता हें कळल्यावर तर कारागिरांचें कौतुक दुणावतें. पण कथेचें काय केलें? खिडकीची चौकट डोक्यांत लागून डोरोथी बेशुद्ध पडते, ऑझचें स्वप्न पाहते, आणि जागी होते ती आपल्याच खोलींत, आपल्याच बिछान्यावर. घर जागच्या जागीं आहे! जें उडालेंच नाहीं तें पुन्हां बांधावयाचा प्रश्नच उरला नाहीं. घरासारखी दुसरी जागा नाहीं हा ज्या चित्रपटाचा संदेश, त्यांतच घराची किंमत पुसून टाकलेली असावी, यांत एक गमतीदार विसंगति आहे. पुस्तकांत डोरोथी घरीं येते तेव्हां तिचें पहिलें घर नाहींसें झालेलें असतें आणि तरी ती त्यास घर म्हणते. हा भाव अधिक कठीण व अधिक खरा. मंदीनें व धुळीच्या वादळांनीं पोळलेल्या त्या दशकांतील प्रेक्षकास दिलासा हवा होता, हें आम्ही जाणतों. पण दिलासा आणि विस्मृति या एक वस्तु नव्हेत.

चित्रकार जॉन स्ट्यूअर्ट करी याचें १९२९ सालचें 'टॉर्नेडो ओव्हर कॅन्सस' हें चित्र याच सुमाराचें. करी कॅन्ससच्याच शेतकरी घरांत जन्मलेला. बाप कुटुंबास तळघराकडे ढकलतो आहे, आईच्या कडेवर तान्हें मूल, पोरांच्या हातांत कुत्र्यामांजरांचीं पिलें, आणि मागें काळी सोंड. आपल्या राज्याची हीच ओळख जगापुढें यावी हें अनेक कॅन्ससवासीयांस रुचलें नाहीं. चित्राच्या धर्मानुसार तें तळघराच्या दाराशीं थांबतें, त्याबद्दल चित्रकारास दोष देतां येत नाहीं. मात्र दार पुन्हां उघडून वर आलेलीं माणसें काय पाहतात, हें पाहावयास आपणांस दुसरीकडे जावें लागतें.

तें पाहण्याचा योग आला ४ मे २००७ च्या रात्रीं. दक्षिण कॅन्ससमधील किओवा काउंटीचें मुख्य ठिकाण ग्रीन्सबर्ग, २००० सालच्या शिरगणतींत १५७४ वस्तीचें. रात्रीं पावणेदहाच्या सुमारास पावणेदोन मैल रुंदीचा चक्रवात त्यावरून गेला. म्हणजे सोंड गांवाहून रुंद होती. वाऱ्याचा वेग ताशीं २०५ मैल असावा असा अंदाज करण्यांत आला, आणि सुधारित फुजिता मोजपट्टीवर सर्वोच्च पांचवी श्रेणी मिळविणारा हा पहिलाच चक्रवात ठरला. गांवाचा ९५ टक्के भाग नाहींसा झाला. भोंगे वेळेवर वाजले होते, लोक तळघरांत उतरले होते, म्हणून मृतांची संख्या ११-१२ च्या पुढें गेली नाहीं. सकाळीं धान्याचें उंच कोठार व न्यायालयाची इमारत तेवढी ओळखूं येत होती. १८८७-८८ सालीं हातानें खणलेली १०९ फूट खोल प्रसिद्ध विहीर वरचें छप्पर गमावून जागेवर राहिली. तिच्याजवळ ठेविलेली हजार पौंडांची उल्का ढिगाऱ्याखालीं सांपडली.

यानंतर गांवानें जें ठरविलें त्यानें तें जगास ठाऊक झालें. तंबूंत सभा झाल्या आणि गांव पुन्हां बांधावयाचें तर निसर्गास कमींत कमी भार होईल असें बांधावें, असा विचार पुढें आला. डिसेंबर २००७ मध्यें नगरसभेनें ठराव केला कीं, चार हजार चौरस फुटांहून मोठ्या नगरपालिकेच्या सर्व इमारती 'लीड' या मानांकनाच्या 'प्लॅटिनम' श्रेणीच्याच असाव्यात. असा ठराव करणारें हें अमेरिकेतील पहिलें नगर. ज्या वाऱ्यानें गांव नेलें त्याच वाऱ्यावर वीज काढण्यासाठीं गांवाबाहेर दहा पवनचक्क्या उभ्या राहिल्या. गांवाचें नांव 'ग्रीन' नामक घोडागाडीवाल्यावरून पडलेलें, त्याचा हिरव्या रंगाशीं कांहीं संबंध नव्हता. पण योगायोगानें वृत्तपत्रांना मथळा आयता मिळाला.

या पुनर्बांधणीवर 'ग्रीन्सबर्ग' याच नांवाची मालिका प्लॅनेट ग्रीन या दूरचित्रवाहिनीवर २००८ ते २०१० या काळांत दाखविली गेली; नट लिओनार्डो डिकॅप्रियो हा तिच्या निर्मात्यांपैकीं एक. चक्रवातानंतरचे दिवस हाच जिचा विषय अशी ही कृति आहे, आणि केवळ तेवढ्यानेंही ती आदरास पात्र आहे. सभांतील वादविवाद, नकाशे, तात्पुरत्या फिरत्या घरांत काढलेले हिवाळे, परवडेल कीं नाहीं याचा घोळ, या गोष्टी प्रेक्षकास पाहावयास लावणें सोपें नव्हे. तथापि मालिकेस दर भागाला एक शिखर लागतें, आणि तें शिखर म्हणजे बहुधा इमारत. इमारत पायापासून कळसापर्यंत दाखवितां येते. गेलेला शेजारी दाखवितां येत नाहीं. कॅमेरा गांवांत उभा असतो. जो गांव सोडून गेला तो चौकटीच्या बाहेर गेला. मालिका संपली त्याच २०१० सालीं शिरगणती झाली व ग्रीन्सबर्गची वस्ती ७७७ भरली. २०२० मध्यें ती ७४० होती.

यावरून प्रयोग फसला असें म्हणणाऱ्यांशीं आम्ही सहमत नाहीं. वस्ती चक्रवातापूर्वींही उतरत होती, आणि कॅन्ससच्या माळरानावरील कितीतरी गांवें कसलेंही वादळ न येतां ओस पडलीं आहेत. ज्यांनीं राहून शाळा, इस्पितळ व न्यायालय पुन्हां उभें केलें त्यांचा निश्चय खोटा नव्हे. आमचा आक्षेप आहे तो कथेच्या सांच्यावर. राखेंतून उठणाऱ्या पक्ष्याची उपमा इतकी हातचलाखीची झाली आहे कीं, पक्षी पूर्वींच्या निम्माच राहिला हें कोणी मोजीत नाहीं. आणि हेन्रीकाकांचा हिशेब येथें पुन्हां पुढें येतो. साठ-सत्तर वर्षांचें जुनें, कधींच कर्जमुक्त झालेलें घर असतें. विमा मिळाला तरी तो बहुधा त्या जुन्या घराच्या किमतीच्या मानानें मिळतो. आणि नवें बांधावयाचें तें आजच्या भावानें. पंचाहत्तरीच्या वृद्धेनें हप्ते सुरू करावे, कीं दूरच्या शहरांत मुलाकडे जाऊन राहावें? सौरशक्तीचा सज्जा व पावसाचें पाणी सांठविणारी टाकी या प्रश्नाचें उत्तर देऊं शकत नाहीं, आणि तें देण्याचें त्यांचें कामही नव्हे. तें विचारण्याचें काम कलाकृतीचें होतें.

बॉमनें आपल्या पात्रांना उत्तर दिलें तें अर्थातच जादूचें. डोरोथी काका-काकूंना ऑझमध्यें बोलावून घेते आणि तीं दोघें राजवाड्यांत राहावयास जातात. पण येथेंही त्या लेखकाची नजर सुटलेली नाहीं. भरजरी वस्त्रें आणि प्रशस्त दालनें पाहून तीं दोघें बावरतात. हात कोठें ठेवावे हेंही त्यांस समजत नाहीं. मुलाच्या घरीं शहरांत गेलेल्या कोणत्याही वृद्ध शेतकरी दांपत्याचें हें चित्र आहे. पेढीवाल्याचा तगादा ऑझमध्यें पोंचत नाहीं, काकांना पुन्हां नांगर धरावा लागत नाहीं, आणि ज्यासाठीं एवढें कर्ज झालें त्या कॅन्ससच्या नव्या घराकडे बॉम पुन्हां वळत नाहीं.