उघड्या डावाचे बळ

गुप्त योजना फुटली की संपली. संगणकशास्त्रज्ञ मिलिंद तांबे यांच्या संशोधनाची गोडी अशी, की आपली योजना समोरच्याला आधीच कळलेली आहे, असे धरूनच ती रचलेली असते.

हाइनरिश फॉन श्टाकेलबर्ग या अर्थतज्ज्ञाने १९३४ मध्ये मांडलेल्या विचारात एकजण आधी चाल करतो आणि दुसरा ती पाहून आपली ठरवतो. तांबे आणि सहकाऱ्यांनी हा खेळ पहाऱ्यावर आणला. तो वाशीम जिल्ह्यातल्या कारंजा-सोहोळ काळवीट अभयारण्यात मांडून पाहू. समजा, रक्षक एकच आणि जागा दोन: पाणवठ्यावर शिकाऱ्याचा लाभ ३, दूरच्या माळावर १. रक्षक रोज पाणवठ्यावर बसला, तर शिकारी माळ गाठतो, नुकसान १. निम्मे-निम्मे दिवस वाटले, तर तो पाणवठा धरतो. सरासरी नुकसान दीड. आता चारात तीनदा पाणवठा, एकदा माळ असे करा. पाणवठा पाव वेळ मोकळा, म्हणजे तिनाचा पाव, पाऊण. माळ पाऊण वेळ मोकळा, म्हणजे एकाचा पाऊण, पुन्हा पाऊणच. शिकाऱ्याला कोणतीच वाट सरस उरत नाही.

खरी नजाकत यापुढे आहे. तीन दिवस इथे, चौथा तिथे अशी पाळी लावली की शिकारी ती ओळखतो आणि सगळे गणित वाया जाते. म्हणून रोज सकाळी चार चिठ्ठ्यांतून एक उचलायची. चिठ्ठ्या किती आणि कोणत्या, हे शिकाऱ्याला खुशाल कळू द्या; आजची कोणती, हे रक्षकालाही आधी ठाऊक नसते.

प्रत्यक्षात प्रतिस्पर्धी नाना प्रकारचे असतात. ते सारे लाभ-नुकसानाच्या एकाच कोष्टकात कोंबले, तर कोष्टक आवाक्याबाहेर फुगते. प्रवीण परुचुरी, तांबे आणि इतरांच्या २००८ च्या शोधनिबंधाने प्रकार वेगळेच ठेवून अचूक उत्तर काढले. निबंध प्रसिद्ध होण्याआधीच, ऑगस्ट २००७ पासून, लॉस एंजेलिस विमानतळावर रस्त्यांवरची तपासणी आणि श्वानपथकांची गस्त याच पद्धतीने आखली जाऊ लागली.

पुढे तांबे यांच्या गटाने मुंबईच्या ‘अरमान’ संस्थेसोबत काम केले. संस्थेचे फोनवरचे आरोग्यसंदेश ऐकणे सोडू पाहणाऱ्या मातांपैकी या आठवड्यात कोणाला फोन करावा, हे ‘सहेली’ ही प्रणाली सुचवते. इथे शत्रू नाही, पण माणसे तशीच अपुरी आहेत. अपुऱ्या बळाचा कण न् कण योग्य जागी लावणे, हा या संशोधनाचा स्थायीभाव आहे. आणि ज्या मुलखात रक्षक, परिचारिका, शिक्षक सारेच कमी पडतात, तिथे या गणिताइतके आपले गणित दुसरे नाही.