गुडघ्यावरचा पोर्गी, उभा राहिलेला टॉड डंकन

अमेरिकेतल्या काळ्या माणसांचा विषय निघाला की आपली पोरं ब्लॅक पँथरवर बोलतात. बरोबरच आहे. १९७२ साली मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती त्याच नावाचं नातं सांगत. पॉल रॉबसनचं नावही काहींना ठाऊक असतं. पण टॉड डंकन म्हटलं की सगळे गप्प. हा माणूस ऑपेरात गाणारा. ऑपेरा म्हणजे गोऱ्या शेठ लोकांची करमणूक, तिचं आपल्याला काय, असं कुणी विचारील. मला वाटतं, तिचंच आपल्याला आहे. कारण दुसऱ्याच्या मंचावर आपला माणूस चढतो तेव्हा काय होतं, हा प्रश्न आपल्यापुढं आज रोज आहे.

टॉड डंकनचा जन्म १९०३ चा, केंटकी राज्यातल्या डॅनव्हिल गावचा. शिकून १९३० साली त्यानं कोलंबिया विद्यापीठाची एम. ए. घेतली. हे तेच विद्यापीठ, जिथं १९१३ ते १९१६ बाबासाहेब शिकले. मग तो वॉशिंग्टनला हॉवर्ड या काळ्यांच्या विद्यापीठात गाणं शिकवू लागला. खर्जाकडं झुकणारा भरदार आवाज, इटालियन, जर्मन गाणी तोंडपाठ. पण मोठ्या ऑपेरा कंपन्यांची दारं बंद. गळा कितीही तयार असो, कातडी आडवी यायची.

१९३५ च्या सुमारास जॉर्ज गर्श्विन हा गाजलेला संगीतकार एका काळ्या वस्तीवर ऑपेरा रचत होता. नाव 'पोर्गी अँड बेस'. त्याला पोर्गी पाहिजे होता. डंकनला बोलावणं आलं. पुढं डंकननं सांगितलेली हकीकत अशी, की गर्श्विन म्हणजे बाजारी गाणी करणारा, एवढंच त्याचं मत होतं. तो गेला आणि एक जुनं इटालियन गाणं म्हणाला. चार ओळी झाल्या न् झाल्या, तोच गर्श्विननं विचारलं, माझा पोर्गी होशील का? डंकन म्हणाला, आधी तुमचं संगीत ऐकू द्या. मित्रांनो, हे वाक्य साधं नाही. दारात उभा राहिलेला गडी मालकाला म्हणतो, आधी काम दाखवा, मग सांगतो!

आता त्या नाटकाबद्दल. गोष्ट ड्यूबोस हेवर्ड या चार्ल्स्टनच्या गोऱ्या लेखकाची. १९२५ सालची त्याची कादंबरी. पोर्गी हा पांगळा भिकारी, बोकडाच्या गाडीतून फिरणारा. बेस ही दारूत, नशेत सापडलेली बाई. क्राऊन हा दांडगट खुनी, स्पोर्टिंग लाइफ हा नशेची पावडर विकणारा. जाळी ओढणारे कोळी आहेत, देवाला आळवणाऱ्या बाया आहेत. वकील आहे, पण तोही फसवा, हसण्यापुरता. नाही तो हक्क मागणारा माणूस. आपली वस्ती दुसऱ्यानं लिहिली की तिच्यात चाकू येतो, जुगार येतो, रडणं येतं, आणि त्या रडण्याला चाल फार गोड लावलेली असते. ही वस्ती अशी का झाली, कुणी केली, याचं उत्तर त्या गोड चालीत बुडून जातं. प्रेक्षक डोळे पुसतो आणि निर्दोष होऊन घरी जातो.

म्हणून हॅरल्ड क्रूझ या काळ्या विचारवंतानं १९६७ साली सरळ सांगितलं, की काळ्या कलावंतांनी या नाटकावर बहिष्कार टाकावा. मला त्याचा राग कळतो. पठ्ठे बापूराव आणि पवळा आपल्याला ठाऊक आहेत. शब्द ब्राह्मणाचे, नाच-गळा महाराच्या पोरीचा. त्या तमाशाचे पैसे बापूराव चळवळीसाठी द्यायला आले तेव्हा बाबासाहेबांनी ते घेतले नाहीत, असं आपल्यात सांगतात. आमच्या बाया नाचवून जमवलेला पैसा आम्हाला नको. नकार असा रोखठोक असतो.

मग डंकननं पोर्गी नाकारायला पाहिजे होता का?

इथं मी थांबतो, कारण दुसरी बाजूही खरी आहे. अल जॉल्सन नावाच्या गोऱ्या गायकाला तोंडाला काळं फासून पोर्गी करायचा होता. आपला माणूस नाही म्हणाला असता तर ती काजळीच मंचावर आली असती. काळ्यांच्या भूमिका काळेच गातील, हा आग्रह गर्श्विननं धरला. १० ऑक्टोबर १९३५ ला न्यूयॉर्कमध्ये पडदा उघडला. काळे शिकलेले गायक, कॉलेजात तयार झालेले, पहिल्यांदा एवढ्या मोठ्या संख्येनं एवढ्या मोठ्या मंचावर. प्रयोग १२४ झाले. बेस गायली अॅन ब्राऊन, वय तेव्हा तेवीस. आणि विद्यापीठातला मास्तर डंकन रोज रात्री गुडघ्यांवर रांगत पांगळ्याचं गाणं म्हणत होता.

या चित्राचा अर्थ कसा लावायचा? मी तो नुसत्या संहितेतून लावणार नाही. खरी समीक्षा मला १९३६ च्या मार्च महिन्यात सापडते.

तेव्हा दौरा वॉशिंग्टनच्या नॅशनल थिएटरात जायचा होता. व्हाइट हाऊसपासून हाकेच्या अंतरावरचं नाटकघर. तिथला रिवाज असा, की काळा माणूस मंचावर गाऊ शकतो, खुर्चीवर बसू शकत नाही. म्हंजे डंकन गाणार, पण त्याच गावात राहणारे त्याचे विद्यार्थी, त्याचे सहकारी, बायको-पोरं बाहेर! डंकन आणि अॅन ब्राऊन म्हणाले, आमची माणसं जिथं तिकीट काढू शकत नाहीत तिथं आम्ही गाणार नाही. व्यवस्थापनानं तडजोडी पुढं केल्या. काळ्यांना वर बाल्कनीत बसवू म्हणाले. हे ऐकल्यासारखं वाटतं ना? पाणी देऊ, पण वरून ओतू. देऊळ दाखवू, पण पायरीवरून. डंकन हटला नाही. शेवटी नाटकघर वाकलं आणि गोरे-काळे एकाच रांगेत बसले.

हे मी विजय म्हणून सांगतो, पण पुरं सांगतो. तो खेळ संपला आणि जुना रिवाज परत आला. १९४८ साली नटांच्या संघटनेनं भेदभावाविरुद्ध उभं राहताच मालकांनी दार उघडण्यापेक्षा नाटकंच बंद केली आणि तिथं सिनेमा लावला. सगळ्यांसाठी नाटकघर उघडलं ते १९५२ साली. एका कलावंताच्या नकारानं दार एकदा उघडतं. ते उघडं ठेवायला संघटना लागते. आपल्यातल्या एकट्या-एकट्या कवींनी हे भिंतीवर लिहून ठेवावं.

पुढं १९४५ साली न्यूयॉर्क सिटी ऑपेरात डंकन 'पाल्याच्ची' मध्ये टोनिओ गायला. गोऱ्यांच्या मोठ्या ऑपेरा कंपनीत गाणारा तो पहिला काळा पुरुष. ही भूमिका भिकाऱ्याची नव्हती, काळ्याची नव्हती, नुसती माणसाची होती. मेट्रोपोलिटन ऑपेरानं मात्र १९५५ पर्यंत एकाही काळ्या एकल गायकाला उभं केलं नाही. मारियन अँडरसनला बोलावलं तेव्हा तिचं वय पन्नाशीच्या पुढं गेलेलं. गळ्याची उमेदीची वर्षं दाराबाहेर गेली. हा हिशोब कुणी मांडत नाही.

१९४९ मध्ये कुर्ट वाइलच्या 'लॉस्ट इन द स्टार्स' या संगीत नाटकात डंकननं दक्षिण आफ्रिकेतल्या काळ्या धर्मगुरूचं काम केलं. त्याचा मुलगा खुनाच्या गुन्ह्यात फासावर जातो. १९५५ साली 'अनचेन्ड' या सिनेमात तुरुंगातल्या कैद्याच्या वेषात त्यानं एक गाणं म्हटलं. ती 'अनचेन्ड मेलडी' पुढं दुनियाभर गाजली, दुसऱ्यांच्या आवाजात. ती पहिल्यांदा पडद्यावर गाणारा कोण, हे किती जणांना माहीत? अॅन ब्राऊन तर वर्णभेदाला कंटाळून १९४८ साली नॉर्वेला गेली आणि तिथलीच झाली. डंकन वॉशिंग्टनमध्ये राहिला, म्हातारपणापर्यंत पोरांना गाणं शिकवत राहिला, १९९८ साली गेला.

माझं म्हणणं थोडक्यात असं. 'पोर्गी अँड बेस' मोठं संगीत आहे आणि लबाड चित्र आहे. दोन्ही एकदम खरं आहे. त्या चित्रात शिरून डंकननं त्याची लबाडी पुसली नाही, पुसता आलीही नसती. पण त्यानं भूमिकेला गुडघे दिले, स्वतःचा कणा दिला नाही. आज आपल्या पोरांनाही बोलावणी येतात. संमेलनं, सिनेमे, महोत्सव. आमच्या वस्तीचं दुःख गाऊन दाखवा, म्हणतात. जावं की न जावं, याचं एकच उत्तर सगळ्यांना लागू नाही. पण जाण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. संहिता आधी दाखवा. आणि समोरच्या खुर्च्यांत आमची माणसं बसणार की नाही, ते सांगा.

दुसऱ्याचं उत्तर नाही आलं, तर कितीही मोठा मंच असो, आपला आवाज तिथं नुसता भाड्यानं गेलेला असतो.

जय भीम.