लॉजिस्टिक प्रतिगमनातील वर्गीय चल : संकेतांक आणि त्यांचे अर्थ

महाविद्यालयीन संशोधनात लॉजिस्टिक प्रतिगमनाचा वापर वाढला, ही समाधानाची बाब होय. मात्र अशा शोधनिबंधांतील कोष्टके बारकाईने वाचली असता एक दोष वारंवार आढळतो. वर्गीय चलांना दिलेले संकेतांक संगणकाने खऱ्या संख्या म्हणून वापरलेले असतात आणि संशोधकाच्या ते लक्षातही आलेले नसते.

आपल्या परिसरातील एक काल्पनिक उदाहरण घेऊ. केळी उत्पादकाने उतिसंवर्धित रोपे लावली की पारंपरिक कंद, हा परतंत्र चल. तालुका हा स्वतंत्र चल. संकेतांक असे : रावेर १, यावल २, चोपडा ३, मुक्ताईनगर ४. एसपीएसएसमध्ये तालुका हा चल 'कॅटेगोरिकल' म्हणून घोषित केला नाही, तर त्यासाठी एकच गुणक मिळतो. तो ०.४ आला असे मानू. याचा अर्थ, प्रत्येक पायरीला ऑड्स १.४९ पट होतात आणि मुक्ताईनगरचे ऑड्स रावेरच्या ३.३२ पट ठरतात. हेच क्रमांक अकारविल्हे (चोपडा, मुक्ताईनगर, यावल, रावेर) दिले असते, तर त्याच माहितीतून निराळा गुणक निघाला असता. असा निष्कर्ष केळीविषयी काही सांगतो, असे म्हणणे धाडसाचे आहे.

चल घोषित केल्यावरही काम संपत नाही. चार वर्गांसाठी तीन डमी चल तयार होतात व उरलेला वर्ग संदर्भ ठरतो. तो कोणता, हे प्रणालीगणिक बदलते. सूचना न दिल्यास एसपीएसएस शेवटचा वर्ग घेते, आर पहिला, तर स्टाटा सर्वांत लहान संकेतांकाचा. सॅसच्या लॉजिस्टिक प्रोसीजरमध्ये मूळ मांडणीच 'इफेक्ट' प्रकारची असल्याने गुणक सर्व वर्गांच्या सरासरीशी तुलना दर्शवितो. त्यावरून थेट ऑड्स रेशो काढणे चूक होय. संदर्भ वर्ग बदलल्याने प्रतिमानाची जुळणी व भाकिते बदलत नाहीत, परंतु कोष्टकातील सार्थकतेच्या तारका मात्र जागा बदलतात. म्हणून तालुक्याचा प्रभाव तिन्ही डमी चलांच्या एकत्रित कसोटीवरूनच ठरवावा आणि संदर्भ वर्ग कोष्टकात लिहावा. परीक्षकांनीही याचा आग्रह धरावयास हवा.

धारणक्षेत्राची गोष्ट थोडी वेगळी आहे. अत्यल्प ते मोठे या वर्गांत नैसर्गिक क्रम असल्याने एकच गुणक समर्थनीय ठरू शकतो. पण कृषी गणनेतील सीमा १, २, ४ व १० हेक्टर अशा असमान आहेत, तेव्हा डमी चलांच्या प्रतिमानाशी तुलना करून पाहावी. शिवाय 'मोठे' वर्गात चारपाचच उत्तरदाते असून त्या सर्वांनी उतिसंवर्धित रोपे लावली असतील, तर गुणक अवाजवी फुगतो व प्रमाण त्रुटी हजारांत जाते. अशा वेळी लगतचे वर्ग एकत्र करावेत किंवा फर्थ यांची १९९३ ची पद्धत वापरावी.

सामाजिक प्रवर्गाबाबत मात्र ही एकत्रीकरणाची सोय जपून वापरली पाहिजे. सातपुड्याच्या पायथ्याचे ताडवी शेतकरी नमुन्यात मोजकेच आले म्हणून त्यांना 'इतर'मध्ये टाकले, तर नव्या लागवडीपासून कोण दूर राहिले, हा प्रश्नच कोष्टकातून नाहीसा होतो. तेथे क्षेत्रकार्यापूर्वीच त्या गावांतून अधिक नमुना घेण्याची तरतूद करावी लागेल.