सहल आणि बिऱ्हाड : परदेशी संसाराची मराठी पुस्तके

कर्जत म्हटले की बहुतेकांना घाटाच्या पायथ्याचे, रेल्वेचे कर्जत आठवते. आमचे कर्जत नगर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला, सीना आणि भीमा या नद्यांच्या मधल्या अवर्षणग्रस्त मुलखात आहे. आमच्या तालुक्यात पाहुणे पुष्कळ येतात. कोणी रेहेकुरीच्या अभयारण्यात काळवीट पाहायला येतो, कोणी अष्टविनायकाच्या यात्रेत सिद्धटेक उरकतो, कोणी राशीनला देवीच्या दर्शनाला थांबतो. गाडीची काच खाली येते, छायाचित्र घेतले जाते, काच पुन्हा वर जाते. घरी परतल्यावर ही मंडळी आमच्याविषयी काय सांगत असतील, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो. बहुधा काळविटांविषयीच सांगत असतील. लोकांनी आपल्याला असे येताजाता पाहावे, याचा अनुभव गाठीशी असल्यामुळे परदेशाविषयीची मराठी पुस्तके वाचताना मी एक प्रश्न हाताशी ठेवते : लेखकाने तो देश नुसता पाहिला, की तेथे कोणाच्या घरी तो गेला आणि कोणी त्याच्या घरी आले?

हा प्रश्न आज पुन्हा विचारण्यास एक दुःखद निमित्त आहे. परदेशात दीर्घकाळ राहून मराठीत लिहिणारी एक पिढी आपल्या डोळ्यांदेखत संपत आली. २०२३ साली मंगला नारळीकर गेल्या. २०२४ मध्ये आपल्या सर्वांचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो गेले. २०२५ च्या पूर्वार्धात प्रथम मीना प्रभू आणि मागोमाग जयंत नारळीकर यांचे निधन झाले. फादर दिब्रिटो २०२० च्या उस्मानाबाद येथील साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते आणि त्यांच्यानंतरचे, २०२१ चे नाशिकचे अध्यक्षपद नारळीकरांकडे गेले होते. एक धर्मगुरू, दुसरे खगोलशास्त्रज्ञ. दोघांच्याही घडणीत परदेशातील शिक्षणाचा वाटा होता आणि दोघांनीही लिहिण्यासाठी मराठीच निवडली, हे विसरता येत नाही.

मराठीतील युरोपवर्णनांचे माझ्या मते दोन वर्ग पडतात. पहिला सहलीच्या पुस्तकांचा, दुसरा बिऱ्हाडाच्या पुस्तकांचा. सहलीला परतीचे तिकीट असते. तिथे वेळ थोडा आणि कुतूहल मोठे असते. बिऱ्हाडाला भाड्याची खोली असते, वरच्या मजल्यावरचे शेजारी असतात, विजेचे बिल असते, आजारपण असते आणि मुख्य म्हणजे दार वाजवणारे पाहुणे असतात. सहलीचा लेखक सदैव पाहुणाच राहतो. बिऱ्हाडातल्या लेखकाला एक दिवस त्या परक्या देशातच यजमान व्हावे लागते. या क्षणी त्याच्या लेखणीत जो बदल होतो, तो मला फार मोलाचा वाटतो.

पहिल्या वर्गातील सर्वांत लोकप्रिय पुस्तक पु. ल. देशपांडे यांचे ‘अपूर्वाई’ (१९६०) होय. दूरचित्रवाणीच्या प्रशिक्षणासाठी १९५८ मध्ये ते सुनीताबाईंसह विलायतेला गेले. जाण्यापूर्वीची धांदल, जो तो देत असलेले सल्ले, साहेबी रीतिरिवाजांपुढे उडणारी मध्यमवर्गीय मराठी माणसाची तारांबळ, या सर्वांतून हे पुस्तक आजही हसवते. पुलंचा विनोद परक्याला हिणवत नाही. तो हसतो मुख्यतः स्वतःला. या गुणामुळेच ते टिकले. तथापि त्याचे सारे तेज नवखेपणाच्या तेजावर उभे आहे. अपूर्वाई या शब्दातच ते आले. जी गोष्ट पूर्वी पाहिली नाही तिचे नवल, आणि नवलाला मुदत असते.

या पुस्तकाला एक उत्तरार्ध आहे, तो मात्र प्रवासवर्णनांच्या यादीत सापडत नाही. ‘अपूर्वाई’नंतर तीस वर्षांनी, १९९० मध्ये, सुनीता देशपांडे यांचे ‘आहे मनोहर तरी’ आले. दोघांच्या सहजीवनाची ती दुसऱ्या बाजूने दिलेली साक्ष. ती वाचल्यानंतर ‘अपूर्वाई’ पुन्हा उघडली की त्यातील सोबतीण केवळ सोबतीण राहत नाही. सामान कोणी बांधले, हिशेब कोणी ठेवला, हे प्रश्न वाचकाच्या मनात आपोआप उभे राहतात. जोडप्याच्या प्रवासाला दोन लेखक असतात. त्यांतील एक बहुधा उशिरा बोलतो किंवा बोलतच नाही.

मीना प्रभू यांचे ‘माझं लंडन’ हे नावापासूनच दुसऱ्या वर्गात बसते. व्यवसायाने डॉक्टर असलेल्या या लेखिकेने लंडनला अनेक वर्षे संसार केला. ‘माझं’ हा शब्द तिने कष्टाने मिळवलेला आहे. वाचकाला ती घरच्या पाहुण्यासारखी शहरभर हिंडवते. मला तिच्या या पुस्तकाचा आत्मविश्वास नंतरच्या मोठमोठ्या ग्रंथांपेक्षा अधिक भावतो. पुढे ती तुर्कस्तान, इराण, चीन, मेक्सिको असे जग धुंडाळत गेली. ‘रोमराज्य’मध्ये इटली उभी केली. त्या पुस्तकांतील जिद्द वादातीत आहे. परंतु मुक्काम बदलत गेला तसा माहितीचा भार वाढत गेला, असे माझे मत झाले आहे. घुमटाची उंची आणि राजांची सनावळी आज खिशातल्या फोनवरही मिळते. लंडनच्या गृहिणीची नजर मात्र दुसरीकडे कोठे मिळणार नाही.

येथे आपल्या वाचकांच्या वतीने एक जुनी तक्रार नोंदवणे भाग आहे. मराठी युरोपवर्णनांत कॅथेड्रले पुष्कळ, पण त्यांत गुडघे टेकलेली माणसे फार थोडी. रंगीत काचा दिसतात, शिल्पे दिसतात, मनोरे दिसतात. रविवारी सकाळी कोपऱ्यातल्या बाकावर बसलेली म्हातारी, अर्धी रिकामी प्रार्थनासभा, मास संपल्यावर दाराशी रेंगाळणारे चार लोक दिसत नाहीत. याला द्वेष म्हणता येणार नाही. तेथे सहलीची वेळ संपलेली असते, एवढेच. आमच्या रेहेकुरीचे जे होते तेच त्या देवालयांचे झाले.

आता नारळीकर दांपत्याकडे वळतो, कारण बिऱ्हाडाची कसोटी येथे पूर्णपणे लावता येते. जयंत नारळीकर १९५७ मध्ये विद्यार्थी म्हणून केंब्रिजला गेले आणि १९७२ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम करण्यासाठी कायमचे परतले. मधल्या काळात विवाह झाला, मंगलाताई केंब्रिजला आल्या. स्वतः गणितात सुवर्णपदक मिळवलेल्या या बाईंनी तेथे काही काळ गणित शिकवले आणि घरही उभे केले. म्हणजे एकाच लेखकाने एकच गाव दोनदा अनुभवले : पहिल्यांदा सडाफटिंग विद्यार्थ्याचे, दुसऱ्यांदा संसारी माणसाचे. ‘चार नगरांतले माझे विश्व’ या त्यांच्या आत्मचरित्राला २०१४ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. बनारस, केंब्रिज, मुंबई आणि पुणे ही ती चार नगरे. केंब्रिजला त्यांनी बनारस-पुण्याच्या पंक्तीला बसवले, यातच त्यांची भूमिका स्पष्ट होते. ते गाव त्यांनी पाहिलेले नाही, ते त्यांच्या चार घरांपैकी एक आहे. निवेदनाची शैली शास्त्रज्ञाला शोभेशी संयमित आहे. भावनेच्या जागी ती तपशील ठेवते. हा संयम विश्वासार्ह वाटतो. परंतु त्याचीच एक मर्यादाही आहे. घराच्या आतल्या खोलीवर त्यामुळे सावली राहते.

ती सावली समजून घेण्यासाठी त्या काळाची एक व्यावहारिक बाजू ध्यानात घ्यावी. साठच्या दशकात भारतात परकीय चलनाची तीव्र टंचाई होती. परदेशी निघालेल्या माणसाला हाती अगदी थोडे पौंड घेऊन जाता येत असे. साहजिकच विलायतेतील प्रत्येक मराठी घर ही एक धर्मशाळा होई. ओळखीचा, ओळखीच्याच्या ओळखीचा, कोणीही चिठ्ठी घेऊन दाराशी उभा राही. कोणी पापड-लोणचे आणी, कोणी नुसती भूक आणी. या पाहुण्यांच्या गमती सांगणारे बहुधा पुरुष होते. त्यांच्या पोळ्या लाटणाऱ्या कोण होत्या, हे सांगण्याची गरज नाही. मंगलाताईंची पीएच. डी. १९८१ मध्ये झाली. या एका सनात एका पिढीतल्या शिकलेल्या स्त्रियांचा इतिहास सामावला आहे, असे मला वाटते.

म्हणून त्यांच्या प्रवासलेखनाचे शीर्षक मला विशेष अर्थपूर्ण वाटते : ‘पाहिलेले देश, भेटलेली माणसं’. देश पाहावे लागतात, माणसे भेटावी लागतात. गणितज्ञ स्त्रीने दोन क्रियापदांत या सगळ्या साहित्यप्रकाराचे समीकरण मांडून ठेवले आहे. डावी बाजू सहलीची, उजवी बिऱ्हाडाची. मराठी प्रवासवर्णनाने डावी बाजू शंभर वर्षे घोटली. उजवी अजून कच्ची आहे.

जयंतराव ज्या किंग्ज कॉलेजचे फेलो होते, त्याच्या चॅपेलमध्ये वेदीमागे रुबेन्सचे एक भव्य चित्र आहे : पूर्वेकडून आलेल्या ज्ञानी लोकांचे बाळ येशूला वंदन. हे सतराव्या शतकातले चित्र कॉलेजला १९६१ मध्ये भेट मिळाले आणि १९६८ मध्ये, म्हणजे नारळीकर तेथे असतानाच, चॅपेलमध्ये बसवले गेले. ताऱ्यांचा अभ्यास करणारे पूर्वेचे प्रवासी आणि परक्या गावात आडोशाला उतरलेले एक तरुण जोडपे! आपण दरवर्षी गव्हाणीपुढे हा प्रसंग पाहतो, पण त्यात पाहुणे कोण आणि यजमान कोण, याचा विचार क्वचितच करतो. मरिया-योसेफाचे त्या गावी स्वतःचे घर नव्हते. तरीही यजमान तेच होते. बिऱ्हाडाची प्रतिष्ठा याहून अधिक कोणी सांगितली आहे?

आपल्या परंपरेत बिऱ्हाडाच्या साहित्याचा आदर्श शोधायला युरोपला जाण्याचेही कारण नाही. तो नगर जिल्ह्याच्या मातीतच आहे. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ (१९३४ ते १९३६) हे या गावाहून त्या गावी हलणाऱ्या बिऱ्हाडाचेच पुस्तक. रेव्हरंड टिळक कोणाला कधी घरी घेऊन येतील याचा नेम नसे, आणि चुलीशी काय शिल्लक आहे हे ठाऊक असणाऱ्या बाईने ते सारे हसत लिहिले. तिच्या हसण्यात हिशेबही आहे आणि क्षमाही आहे. उलट दिशेने आलेल्या प्रवाशाचे उदाहरण फादर थॉमस स्टीफन्स यांचे. १५७९ मध्ये गोव्याला पोहोचताच या इंग्रज जेज्वीटाने वडिलांना समुद्रप्रवासाचे पत्र लिहिले. त्यात सागर आहे, पक्षी आहेत, मासे आहेत. ते पाहणाऱ्याचे पत्र आहे. नंतर चाळीस वर्षे तो येथेच राहिला आणि १६१६ मध्ये त्याचे ‘ख्रिस्तपुराण’ छापून निघाले. ते लिहिण्यासाठी त्याला शेजाऱ्यांची भाषा आपली करावी लागली. सहलीपासून बिऱ्हाडापर्यंतचे अंतर किती, ते या दोन लेखनांच्या मधे मोजावे.

माझ्या भाचीचे बिऱ्हाड सध्या जर्मनीत आहे. ती आणि जावई सुट्ट्यांत हिंडतात आणि आम्हांला शेकडो छायाचित्रे पाठवतात. खरे सांगायचे तर त्यांतील एकही मनात राहिले नाही. राहिली ती एक हकीगत. एका रविवारी तिने चटणीसाठी मिक्सर लावला. वरची वृद्ध शेजारीण खाली आली आणि येथे रविवारी आवाज करीत नाहीत, असे तिने सुनावले. भाची ओशाळली, आणि काही न सुचून तिने तिला चहा दिला. पुढच्या रविवारी तीच बाई केक घेऊन आली, दोन तास बसली आणि युद्धानंतरच्या आपल्या बालपणाविषयी बोलली. मी भाचीला म्हटले, हे लिही. ती म्हणाली, “मावशी, यात लिहिण्यासारखं काय आहे?” आपल्या प्रवासवर्णनांनी तिला हेच शिकवले आहे.

दसरा-दिवाळीच्या सुमारास पाथर्डी, जामखेड आणि आमच्या तालुक्यातूनही तरुण जोडपी ऊसतोडीला निघतात. नवराबायकोच्या त्या जोडीला मुकादमाच्या वहीत ‘एक कोयता’ म्हणतात. उचल घेतलेली असते, पोर कडेवर असते, कारखान्याच्या तळावर कोपी उभारायची असते. परक्या मुलखात पाच-सहा महिने संसार मांडायचा आणि मोडायचा. तेही बिऱ्हाडच, त्यांच्याकडेही पाहुणे येत असतील. केंब्रिज आणि कारखान्याचा तळ यांची तुलना करणे हा माझा हेतू नाही. दोन्हींतील सुखदुःखे एका मापाची नाहीत. परंतु दोन्हींना लावण्याची वाङ्मयीन कसोटी एकच आहे : दाराशी आलेल्या माणसाचे काय झाले?

आपल्या धर्मग्रामांतील कितीतरी मुलेमुली आज परदेशी आहेत. त्यांची पत्रे, त्यांचे फोनवरचे निरोप आपण कौतुकाने ऐकतो आणि पुसून टाकतो. पुढच्या वेळी त्यांना कोणते देश पाहिले हे अवश्य विचारावे. त्यानंतर घरी कोण आले होते, तेही विचारावे, आणि ते उत्तर लिहून ठेवावे.